मदत हवी आहे: कॅराव्हॅनच्या जनरेटरचा सेल्फ सुटतच नाही

नमस्कार मंडळी. फोंड्याला राहतो. टेम्पो ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन करून घेतलीय, मागच्या खणात पेट्रोलवरचा छोटा जनरेटर आहे, बारा व्होल्टचा सेल्फ स्टार्ट. पावसाळाभर गाडी मोरजीला मामांच्या आवारात उभी होती, समुद्र जवळच, खारी हवा. आता कार्तिकीला आईला पंढरपूरला न्यायचंय, तिला रात्री झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागतं त्यामुळे जनरेटरशिवाय निघायचं धाडस होत नाही.

प्रॉब्लेम असा की बटण दाबलं की इंजिन झटक्यात चालू होतं, पण बटण सोडलं तरी सेल्फ किंचाळत फिरतच राहतो, स्टॉप दाबून इंजिन बंद केलं तरी थांबत नाही, दात घासल्याचा कर्रर्र आवाज येतो आणि परत इंजिनच फिरवायला लागतो. बॅटरीची निगेटिव्ह काढली तरच थांबतो, आणि ती काढताना एवढी ठिणगी उडते की शेजारी कार्बोरेटर आहे म्हणून जीव खालीवर होतो. नाहीतर सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फला बॅटरीचा करंट जोडणाऱ्या स्विचवर, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं की सुटतो. गॅरेजवाल्याने सोलेनॉइड नवीन टाकून दिला, थोडे दिवस बरा चालला आणि परत तेच. आता तो म्हणतो कंट्रोल बोर्ड गेलाय, बदला. बोर्ड स्वस्त नाही हो. बोर्डच आहे हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद:
दादा, बोर्डाला हात लावू नका अजून. आधी पेट्रोलचा कॉक बंद, प्लगची कॅप काढून बॉडीला टेकवून ठेवा, खण उघडा ठेवून वास जाऊ द्या. निगेटिव्हला कट-ऑफ स्विच लावून घ्या, लग, म्हणजे केबलच्या टोकाची बोल्टची कडी, हाताने काढायची वेळ येऊ नये. मग बटण दाबून सेल्फ अडकू द्या, टकटक न करता कट-ऑफ बंद करा, सोलेनॉइडची बारीक वायर, म्हणजे बटणाकडून किंवा बोर्डाकडून येते ती, काढा आणि कट-ऑफ परत चालू करा. वायर नसतानाही सेल्फ फिरला तर आतले कॉन्टॅक्ट चिकटलेत, बोर्ड निर्दोष. नाही फिरला तर बटण सोडल्यावर त्या वायरीवर मल्टिमीटर लावा, बारा व्होल्ट राहत असतील तर दोष स्विच, रिले नाहीतर बोर्डाचा.

टकटक केल्यावर सुटतो म्हणजे मला तरी कॉन्टॅक्टच वाटतायत. पण नवा सोलेनॉइड इतक्या लवकर उगाच चिकटत नाही. व्होल्टेज कमी पडलं की कॉइल नीट धरून ठेवत नाही, कॉन्टॅक्ट फडफडतात, ठिणग्या पडून वितळतात आणि एकमेकांना वेल्ड होतात. सेल्फ फिरत असताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून रीडिंग घ्या, तसंच पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा बोल्ट. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर केबल नाहीतर लग खराब.

धागाकर्ता:
दादा, देव बरें करूं! बारीक वायर काढूनही सेल्फ फिरला, म्हणजे बोर्ड वाचला. पॉझिटिव्हचं रीडिंग ठीक, पण निगेटिव्हला पावणेदोन व्होल्ट!! अर्थिंगचा बोल्ट खोलला तर लगच्या खाली हिरवा थर, मधे रंगाचा पापुद्रा आणि केबलच्या तारा आतपर्यंत काळ्या पडलेल्या, इन्सुलेशन चिरलं तर पावडरच निघाली. बाहेरून केबल एकदम धडधाकट दिसत होती.

सोलेनॉइड परत नवीन मागवलाय, पण आता अर्थिंगची केबल बदलल्याशिवाय तो बसवणार नाही. केबल बरीच लांब जाते, तर 25 स्क्वेअर एमएम तांब्याची पुरेल की 35 घेऊ? आणि फोंडा नाहीतर म्हापशाला मशीनने लग क्रिंप करून, म्हणजे दाबून घट्ट बसवून, देणारं कोणी असेल तर प्लीज सांगा, हातोडीने ठोकलेले लग परत नकोत.