बोल्ट आवळला की डायल गेजचं रीडिंग हलतं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या डिचोलीची. आयटीआयत मशिनिस्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या एका कारखान्यात मेंटेनन्सचं काम शिकायला जाते. लेथवर हात बसलाय, पण यंत्र बसवण्याचं, म्हणजे मिलराइटचं काम अजून जमत नाही. आणि मला तेच करायचंय.

मोटर आणि पंपाचं कपलिंग (दोन्हींचे शाफ्ट जोडणारा भाग) जुळवताना डायल गेज (बारीक फरक दाखवणारं घड्याळासारखं मापक) लावून शाफ्ट फिरवते. वर शून्य, खाली ०.४० मिमी. उंचीतला खरा फरक त्याच्या निम्मा, ०.२०, हे उशिरा कळलं. आधी मोटरच्या पायांखाली अख्ख्या ०.४०ची शिम, म्हणजे धातूची पातळ पट्टी, घालून एक दिवस वाया घालवला.

आता अडलंय ते वेगळंच. रीडिंग जुळतं, पण मोटरच्या चौथ्या पायाचा बोल्ट आवळला की पुन्हा हलतं, सैल केला की जागेवर येतं. तिथले एक काका म्हणाले, तो पाय बेसवर नीट टेकत नाही, 'सॉफ्ट फूट' आहे. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून पाहिलं तर ०.१५ची पट्टी एकाच कोपऱ्यात शिरते, दुसऱ्या कोपऱ्यात नाही. म्हणजे फट तिरकी. अशा ठिकाणी सपाट शिम चालते का, की पायच मशीनिंग करून घ्यावा? आणि एकावर एक किती शिमा घालता?

वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत मेंटेनन्समध्ये असलेल्या दादा-ताईंनी कृपया सांगावं. चवथीच्या सुट्टीत जुन्या पंपावर सराव करू देणारं वर्कशॉप माहीत असेल तर तेही कळवा. पैसे नकोत, काम शिकायचंय.