कागदावर नातं नाही, मग मतदानाला कशाला जायचं?

आडवाट:
काल इथे कोणीतरी लिहिलं, 'समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं, जोडप्याला जॉइंट खातंही उघडता येतं, तरी या समलिंगी लोकांचा राजकारणावर विश्वास नाही.' रात्रभर डोक्यातून जाईना. १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टाचे पाचही न्यायाधीश म्हणाले, लग्नाचा मूलभूत हक्क नाही, कायदा संसदेनं करावा. संसदेत सुप्रिया सुळेंनी २०२२मध्येच समलिंगी लग्नाला मान्यता देणारं विधेयक मांडलं होतं, पुढे सरकलं नाही. मग जायचं कुठे?
गेल्या पावसाळ्यात जोडीदाराला डेंगी झाला. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'जोडीदार' लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला, "रक्ताचं कोणी आणा." रात्री अकराला त्याच्या भावाला जळगावहून निघायला लावलं. नऊ वर्षं एका घरात राहतोय आम्ही.

साधा_माणूस:
वाईट झालं. पण आमच्या गावात उन्हाळाभर टँकर, आमचा तरी विश्वास कुठे आहे? २०२४ला केंद्राच्या आरोग्य खात्यानं तुमच्यासारख्यांशी भेदभाव होऊ नये म्हणून राज्यांना पत्र पाठवलं, बँकेत जोडीदाराला नॉमिनी लावता येतो. होतंय हळूहळू.

पेठकर:
नॉमिनी म्हणजे वारस नव्हे! मावशीनं फ्लॅटला मला नॉमिनी केलं, सोसायटीनं नाव चढवलं, दोन्ही मामांनी कोर्टात खेचलं. अकरा वर्षं! नॉमिनी नुसता राखणदार. मृत्युपत्र करा, रजिस्टर करा.

साधा_माणूस:
रजिस्टर करणं सक्तीचं नाही.

पेठकर:
मलाही कळतं ते! साक्षीदार वारले की काय होतं, ते मी भोगलंय. तुम्ही नाही.

आडवाट:
अहो, भांडू नका. नवरा-बायकोला हे सगळं एका दाखल्यावर मिळतं, आम्ही एकेका कागदामागे धावतो. त्या पत्रात मृतदेहाचा ताबाही जवळचे नातेवाईक नसतील तरच.

साधा_माणूस:
बरं, एकच दाखला हवा, हे मान्य. 'लग्न' शब्द मात्र मला पटत नाही, पटणारही नाही.

ठाण्याची_आई:
माझी मुलगी मैत्रिणीसोबत राहते. २०१९ला सकाळी सातला रांगेत उभी होती. २०२४ला गेलीच नाही. मी शाईचं बोट दाखवलं तर म्हणाली, "आई, आमच्या घराबद्दल कोण बोलतंय?"

पेठकर:
काँग्रेसच्या जाहीरनाम्यात सिव्हिल युनियनचा, म्हणजे लग्न न म्हणता अशा जोडप्यांना मान्यता देण्याचा कायदा होता की.

ठाण्याची_आई:
होता. तिनंच मला वाचून दाखवला होता. आमच्या दारात पाच उमेदवारांची माणसं येऊन गेली, एकानं तरी तो विषय काढला का?