जुन्या बेस गिटारसाठी नाशकात कारागीर हवा

मंडळी, मदत हवी आहे. काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे तो फेंडरच्या जॅझ बेस या मॉडेलच्या धर्तीचा जुना जपानी बेस गिटार आता माझ्याकडे आलाय. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं टिपणारे, एकेका वेटोळ्याचे चुंबकी भाग), ३४ इंची स्केल (तारेची कंप पावणारी लांबी), फ्लॅटवाउंड म्हणजे चपट्या गुंडाळीच्या गुळगुळीत तारा. आवाज गोल, जाड, पटकन विरणारा. जुन्या गाण्यांना अगदी हवा तसा! दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की शांत, एक कमी केला की घरघर. सिंगल कॉइल म्हटल्यावर ते आलंच. पण टोन नॉब फिरवताना खरखर होते आणि नेकलाही बाक आलाय. ट्रस रॉडला (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करायची सळई) हात लावायची माझी हिंमत नाही. नॉबखालचे पॉट (आवाज-टोन कमीजास्त करणारे भाग) नुसते साफ करून भागेल की बदलावेच लागतील? (पिकअप मूळचेच ठेवणार, त्यावर वाद नको.) पंचवटी, कॉलेज रोड, नाशिकरोड, कुठेही चालेल, बेसचं सेटअप नीट करणारं कुणी आहे का? मुंबईला पाठवायचं जिवावर येतंय.