सायकलचा पुढचा फोर्क दगडासारखा लागतोय, हवा नक्की किती ठेवू? (वजन ७२ किलो, इंदूर)

रामबाग_रायडर
मंडळी मदत करा. दिवाळीत सेकंडहँड हार्डटेल (फक्त पुढेच सस्पेन्शन असलेली सायकल) घेतली, पुढे रॉकशॉक्सचा एअर फोर्क आहे, म्हणजे आत स्प्रिंगऐवजी हवा, ट्रॅव्हल १२० एमएम, म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबतो. घेताना दुकानातल्या माणसाने पंप लावून ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरले आणि म्हणाला आता वर्षभर बघायला नको. रस्त्यावर झकास चालते हो, पण रविवारी तिंछा फॉलकडच्या कच्च्या वाटेने उतरलो तर दोन्ही तळहात बधिर, परत येताना पोह्याची प्लेट धरवेना. आणि गंमत म्हणजे पहिले दोनचार दगड जरा तरी पचवतो पण सलग दगड आले की दर दगडाला आणखी कडक. रिबाउंडचा नॉब (दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारा) पूर्ण कासवाकडे, म्हणजे स्लोकडे, फिरवून ठेवलाय कारण कोणीतरी सांगितलं की स्लो म्हणजे सॉफ्ट. एक मित्र म्हणतो ९० ठेव, दुसरा म्हणतो ७०. आणि पंप लावून चेक केलं की दरवेळी आकडा आधीपेक्षा कमी दिसतो, लीक आहे का?

जुनी_चेन
अरे दुसऱ्याचे पीएसआय विचारणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याचा नंबर विचारण्यासारखं आहे. आकडा सोड, सॅग मोज. सॅग म्हणजे तू नुसता सायकलवर आलास की तुझ्या वजनाने फोर्क जेवढा खाली बसतो तेवढा. कच्च्या वाटेवर चालवायचं तर २० ते २५ टक्के धर, म्हणजे तुझ्या १२० मध्ये २४ ते ३० एमएम.

पद्धत अशी. हेल्मेट, बूट, पाण्याची बॅग, जे घालून जातोस ते सगळं घाल, चड्डी-बनियनवर घरात मोजू नकोस (मी मोजलंय, तीन किलोचा फरक पडला). लॉकआउट (फोर्क दबू न देणारा लॉक) पूर्ण उघडा ठेव. भावाला सांग मागचं चाक पायात धरायला, नाहीतर भिंतीला कोपर टेकव. पेडलवर उभा राहा, उतारावर जसा राहतोस तसा, दोनतीनदा फोर्क दाबून सोड आणि स्थिर हो. मग फोर्कच्या दांड्यावरची ती काळी ओ-रिंग (रबरी कडं) सीलपर्यंत, म्हणजे दांडा जिथे आत शिरतो तिथल्या रबरापर्यंत, खाली सरकव किंवा भावाला सरकवायला सांग, आणि अलगद उतर, ब्रेक मारून धपकन उतरलास तर मोजमाप गेलं. सील ते रिंग हे अंतर पट्टीने मोज. ओ-रिंग तुटली असेल तर फोर्कच्या दांड्याला बारीक झिप टाय बांध, चालतं.

हवा कमी करताना पाच-पाचने कर आणि दरवेळी फोर्क आठदहा वेळा पूर्ण दाब, कारण आत वरखाली दोन कप्पे असतात, दाबल्याशिवाय दोन्हीकडची हवा सारखी होत नाही, आणि मग तुला वाटतं काल बरोबर होतं आज बिघडलं.

लीक बहुतेक नाहीये. पंपाची नळी रिकामी असते, लावली की फोर्कमधली हवा आधी नळीत भरते, फोर्कचा कप्पा एवढासा, त्यामुळे काटा लगेच पडतो. काढताना जो फुस्स आवाज येतो तो नळीतल्या हवेचा, फोर्कच्या नाही. म्हणून रोज चेक करत बसू नकोस, दरवेळी थोडी हवा तूच काढून राहिलास.

चंबळकाठ
जुनी_चेन बरोबर, पण भिया तुझा खरा घोळ रिबाउंडमध्ये आहे. स्लो म्हणजे सॉफ्ट हे ज्याने सांगितलं त्याला सराफ्यात नेऊन जोशींचा दहीवडा खाऊ घाल आणि प्रेमाने समजव. रिबाउंड दाबताना काम करत नाही, फोर्क परत वर येतो तेव्हा करतं. तू ते इतकं बंद केलंयस की पहिल्या दगडावर फोर्क दबला आणि वर येईपर्यंत दुसरा दगड हजर, मग तिसरा. दर दगडाला तो थोडा खालीच राहतो आणि शेवटी ट्रॅव्हल उरतच नाही. दर दगडाला कडक होतो म्हणालास ना, तो हाच प्रकार.

नॉब पूर्ण बंद कर, मग सशाकडे (फास्टकडे) क्लिक मोजत उघड. साधारण मध्यावर थांब. एक फुटपाथ बघ, बसून सावकाश उतर. हँडल उसळून हातात आलं तर फास्ट आहे, चिखलातून पाय काढल्यासारखं वर आलं तर स्लो. आणि लक्षात ठेव, हवा कमी केलीस की वर ढकलणारा जोर पण कमी होतो, त्यामुळे रिबाउंड आणखी एकदोन क्लिक उघडावं लागेल. दोन्ही गोष्टी एका राइडमध्ये बदलू नकोस, मग कशाने काय झालं कळत नाही. मी फोनमध्ये लिहून ठेवतो, बायको म्हणते मुलांच्या मार्कांपेक्षा याची नोंद जास्त आहे.

टायरमध्ये हवा किती आहे ते नाही सांगितलंस.

वजनदार_पेडल
मध्येच घुसतो, माफ करा. माझा फोर्क कॉइलवाला आहे, म्हणजे हवेऐवजी स्प्रिंग, वर प्रीलोडचा नॉब (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारा). वजन ९६ किलो. पूर्ण आवळला तरी जानापावच्या उतारावर खणकन तळाला लागतो.

जुनी_चेन
@वजनदार_पेडल प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही हो, फक्त सॅग थोडी कमी होते. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीत आणि वेटोळ्यांत असतो. तुमच्या मॉडेलला कडक स्प्रिंग मिळते का ते बघा, खूप स्वस्त फोर्क असेल तर मिळत नाही, मग तेवढ्या पैशात सेकंडहँड एअर फोर्क शोधलेला बरा.

रामबाग_रायडर
टायर ४५ पीएसआय होते 🙈 ट्यूबवाले, २.२५ इंची.

सॅग मोजली, ११ एमएम निघाली. बाबा मागचं चाक धरून उभे, आई गॅलरीतून विचारतेय हे काय चाललंय. ७८ वर २५ एमएम आली. रिबाउंड मध्यावर. पुढचा टायर २८ केला.

चंबळकाठ
४५!! अर्धी बधिरता तिथेच होती. काळ्या दगडावर तो टायर बिचारा काय दबणार. २८ ठीक आहे, ट्यूब असेल तर फार खाली जाऊ नकोस, दगडावर रिम बसली की सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात.

आणि हे ७८ तू थंडीत सकाळी भरलेस. दहा डिग्रीला भरलेले ८० मे महिन्यातल्या दुपारी ४० डिग्रीला ९० च्या आसपास जातात, हवाच ती. उन्हाळ्यात परत सॅग मोज.

रामबाग_रायडर
अपडेट. रविवारी तीच वाट परत केली. हात ठीक, पोहे दोन प्लेट. ओ-रिंग १०४ एमएमवर सापडली, म्हणजे फोर्क तेवढा दबला, आधी ७० च्या पुढे जातच नव्हती. सलग दगडांत पण आता शेवटपर्यंत काम करतो. फक्त तीव्र उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की नाक खाली जातं. हवा वाढवू?

जुनी_चेन
नको, हात आवर. १०४ म्हणजे थोडा ट्रॅव्हल मोठ्या धक्क्यासाठी उरलाय, छान आहे. वरचा कॉम्प्रेशनचा नॉब (फोर्क दबण्याचा वेग आवरणारा) पूर्ण उघडा आहे ना, तो थोडासा फिरवून बघ, लॉकपर्यंत नको. आणि मागचा ब्रेक पण वापरत जा रे बाबा.