मदत हवी आहे: कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी विद्यापीठाचं नाव बघावं की अभ्यासक्रम?

नमस्कार मंडळी,

भाचीच्या प्रवेशावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय, आणि त्यातलं काय आवडतं हे तिला बऱ्यापैकी ठाऊक आहे: मायक्रोकंट्रोलर (उपकरणांत बसणारी छोटी कॉम्प्युटर-चिप), सेन्सर, सी भाषेतला कोड. वेबसाइट, अ‍ॅप वगैरेंत रस नाही. दोन विद्यापीठांत प्रवेश मिळतोय. पहिलं जागतिक क्रमवारीत बरंच वर, दुसरं मधल्या फळीतलं. ताई आणि दाजींचा कल अर्थातच पहिल्याकडे. ("लोक नाव विचारतात, लॅब कोण बघतं?" इति दाजी.)

मी दोन्हीकडचे अभ्यासक्रम उतरवून घेऊन वाचले. पहिलीकडे पदवीच्या नावात 'इंजिनिअरिंग' असलं तरी आत सगळं कॉम्प्युटर सायन्सच आहे. अल्गोरिदम, डेटाबेस, मशीन लर्निंग भरपूर. डिजिटल लॉजिक आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर मात्र एकाच सेमिस्टरमध्ये उरकलंय. सिग्नल्स अँड सिस्टिम्स नाहीच. एम्बेडेड सिस्टिम्स (उपकरणांच्या आत बसवलेले कॉम्प्युटर, म्हणजे नेमका तिच्या आवडीचा विषय) शेवटच्या वर्षी ऐच्छिक, तेही पुरेशी मुलं जमली तर. दुसरीकडे सर्किट्स, डिजिटल डिझाइन, आर्किटेक्चर, सिग्नल्स, ऑपरेटिंग सिस्टिम्स हे सगळं सक्तीचं, शिवाय तिसऱ्या वर्षी व्हेरिलॉगमध्ये (हार्डवेअरचं डिझाइन लिहायची भाषा) रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्याचा छोटा प्रोसेसर लिहून तो एफपीजीए बोर्डवर (हवं ते सर्किट उतरवता येणारी चिप असलेला बोर्ड) चालवायचा. हे वाचून मीच हुरळलो! एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या व्यावसायिक संघटनांनी २०१६ साली कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमाची वेगळी रूपरेषा काढली होती. तिच्याशी ताडून बघितलं तर दुसरंच जास्त जुळतं.

क्रमवारीचं म्हणाल तर क्यूएस या जागतिक क्रमवारीच्या एकूण यादीत निव्वळ शैक्षणिक नावलौकिकाच्या सर्वेक्षणाला ३० टक्के वजन आहे आणि संशोधनाच्या उद्धरणांना (इतर संशोधकांनी दिलेल्या संदर्भांना) २० टक्के. पदवीच्या पोरांना लॅबमध्ये स्वतंत्र बोर्ड मिळतो की एका बोर्डाभोवती पाच जण उभे राहतात, हे त्यातून कळायचं कसं? पण नावाचा फायदाही खोटा नाही. मुलाखतीचं पहिलं बोलावणं नावामुळे सहज येतं, हे मलाही कळतं.

आणखी एक गुंता मान्यतेचा. दुसरीकडचा अभ्यासक्रम वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्डखाली मान्यताप्राप्त आहे, पहिलीकडचा सोल अ‍ॅकॉर्डखाली. हे पदव्यांच्या परस्पर मान्यतेचे आंतरराष्ट्रीय करार. वॉशिंग्टनचा १९८९ चा, इंजिनिअरिंगच्या पदव्यांसाठी. सोलचा २००८ चा, कॉम्प्युटिंगच्या पदव्यांसाठी. ही मान्यता विद्यापीठाला नसते, त्या त्या अभ्यासक्रमाला असते, एवढं वाचून कळलं. पुढे परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाताना हे कोणी बघतं का? आणि लॅब खरोखर चालते की फक्त कागदावर आहे, हे बाहेरच्याने कसं ओळखावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
मी चिप व्हेरिफिकेशनमध्ये (चिपचं डिझाइन बरोबर चालतं का हे तपासण्याच्या कामात) आहे. अ‍ॅकॉर्डबद्दल मला अजून एकाही मुलाखतीत कोणी विचारलेलं नाही. जिथे परवानाधारक इंजिनिअर म्हणून नोंदणी लागते तिथे वॉशिंग्टनवालं कामी येतं. तेव्हा तो मुद्दा तूर्त बाजूला ठेवा.

अभ्यासक्रमाच्या पीडीएफवर मात्र जाऊ नका. कागदावर सगळीकडे सगळंच असतं. मागच्या वर्षीच्या लॅब असाइनमेंट आणि प्रश्नपत्रिका मागा, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठा. मी एकच विषय बघतो: ऑपरेटिंग सिस्टिम्स. अमेरिकेतल्या एमआयटीने शिकवण्यासाठी बनवलेल्या एक्सव्ही६ सारख्या छोट्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पोरं स्वतः सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागायची सोय) घालतात, की शेड्युलिंगची (प्रोसेसर कोणाला कधी द्यायचा याची) गणितं वहीत सोडवून मार्क घेतात? त्यावरून बाकीच्या विभागाचा अंदाज येतो. एफपीजीएबद्दलही नेमकं विचारा, डिझाइन बोर्डवर चढतं की सिम्युलेशनचा स्क्रीनशॉट चिकटवून फाइल सही होते.

प्रतिसाद २
दाजींच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहितेय. बोर्ड स्वतःचा घेता येतो, प्रोसेसर लिहायचा अभ्यास नेटवर फुकट मिळतो. हुशार वर्गमित्र आणि संशोधन करणारे प्राध्यापक असे मिळत नाहीत. अठराव्या वर्षीची आवड एकविसाव्या वर्षी तीच राहील, याची खात्री तुम्ही कशी देता? मोठ्या विद्यापीठात वळायला वाव जास्त असतो. आधी हे बघा की पहिल्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे विषय घेता येतात का. येत असतील तर तुमचा अर्धा वाद मिटला.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. इलेक्ट्रॉनिक्सचे विषय घ्यायची मुभा नियमावलीत आहे, दुसऱ्या वर्षापासून, "जागा उपलब्ध असल्यास". हे शेवटचे तीन शब्द मला खटकतायत. कॉम्प्युटरच्या किती मुलांना गेल्या वर्षी तिथे सिग्नल्स आणि एम्बेडेड खरंच मिळालं, आणि वेळापत्रक आपसात आदळतं का, हे विचारणारी मेल भाचीनेच विभागाला टाकलीय. दुसऱ्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लॅब असाइनमेंटही मागवल्यात. कोणाच्या ओळखीत असं दुसऱ्या विभागातून विषय घेऊन शिकलेलं कोणी असेल, तर त्यांचा अनुभव जरूर लिहा.