पोल्स्का आणि फझ गिटार: ड्रम्स आले की वॉल्ट्झ होतो, उपाय सुचवा

वाकडी_लय:
स्वीडनच्या दालार्ना प्रांतातल्या बूडा गावची एक पोल्स्का (तीन मात्रांची लोकनृत्याची धून) सायकेडेलिक अंगानं लांबवायची आहे. वाद्यं : फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) लावलेली गिटार, हॅमंड ऑर्गन, बेस, ड्रम्स आणि व्हायोलिन. स्वर ए (तोच षड्ज), लय मिनिटाला साधारण 110 मात्रा. तीन अडचणी आहेत. ड्रम्स सुरू झाले की धून तीन समान मात्रांचा सरळसोट वॉल्ट्झ होते. फझवर दोन सूर एकत्र छेडले की खाली एक भलताच घोगरा सूर उमटतो. आणि डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) व्हायोलिनच्या अंगावर येतो. केब्नेकाइसे या स्वीडिश बँडच्या 1973 च्या अल्बमात हे सगळं इतकं मोकळं कसं वाटतं?

समेवर_या:
बूडाच्या पोल्स्कात दुसरी मात्रा लवकर येते. म्हणजे पहिली आखूड, दुसरी लांब. स्वीडनच्याच पश्चिम वेर्मलांड भागातही असाच आखूड पहिला ठोका सापडतो. ड्रमर हाय-हॅटवर सहा समान ठोके धरतो तेव्हा ही लांबी-आखूडी पुसली जाते, आणि एकदा पुसली की व्हायोलिनवाला कितीही चांगला असला तरी ती परत आणू शकत नाही. म्हणून हाय-हॅट आणि राइड या दोन्ही झांजा पूर्ण बंद करा. बेस ड्रम 1 आणि 3 वर द्या. व्हायोलिनवाल्यांचा पायही तिथेच पडतो. दुसरी मात्रा ड्रम्सनी रिकामी सोडायची, फार तर टॉमवर हलकी घरंगळ. बेस गिटारनं पहिल्या मात्रेचा सूर दुसरीवरून ओढून न्यावा आणि तिसरीला पंचमावर जावं. ड्रमरला आधी धून तोंडानं म्हणता आली पाहिजे. मात्रा मोजून हा ठेका बसत नाही.

रेकॉर्डिंगला क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) लावायचीच असेल तर आवर्तनाला एकच, समेवर. आतल्या मात्रा लहानमोठ्या असल्या तरी आवर्तनाची लांबी टिकते.

डिलेचा उपायही त्यातच आहे. मात्रेच्या हिशेबानं लावलेला डिले समान मात्रा गृहीत धरतो, म्हणून आपटतो. 110 ला पूर्ण आवर्तन 1636 मिलिसेकंदांचं, तोच वेळ लावा. ॲनलॉग पेडल बहुधा तिथवर पोचत नाहीत. किमान 2 सेकंदांचा डिजिटल हवा. आवृत्त्या दोनच ठेवा, आणि धून जिथे खर्ज सोडून दुसऱ्या कॉर्डवर जाते तिथे डिले बंद करा, नाहीतर मागचं आवर्तन पुढच्यावर चिखल करतं.

खर्जातला_माणूस:
फझबद्दल. फझ दोन सुरांच्या वारंवारितांच्या वजाबाकीचा तिसरा सूर तयार करतो. ए 220 हर्ट्झ, ई 330 : फरक 110, म्हणजे खालचा ए. म्हणून षड्ज-पंचम फझवर भरदार वाटतात. पण या धुनांत गंधार पुष्कळदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध असतो, 269 हर्ट्झच्या आसपास. फरक आला 49, जवळजवळ जी. ए च्या धुनेखाली जी घुमतो, तोच तुमचा घोगरा सूर. नेहमीचा शुद्ध गंधार घेतला तरी फरक 57 येतो, ए आणि ए-शार्पच्या मध्ये कुठेतरी. तेव्हा फझवर एकेरी सूर किंवा फक्त षड्ज-पंचम.

तो मधला गंधार गिटारवर काढायला सी चा पडदा दाबून तार पाव सूर वर ओढा. पूर्ण सी-शार्पपर्यंत गेलात की ब्लूज ऐकू येतो.

ऑर्गनकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. फक्त ए आणि ई दाबलेत तरी सातवा ड्रॉबार (उपस्वर मिसळणारी ओढपट्टी) बाहेर असेल तर तो प्रत्येक सुराचा शुद्ध गंधार आत घुसवतो. तो पूर्ण आत ढकला. व्हायोलिन बेसूर वाटण्याचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं.

केब्नेकाइसेचं म्हणाल तर गिटार आणि व्हायोलिन तीच धून एकत्र वाजवतात. गिटार धुनेखाली कॉर्ड भरत बसत नाही, म्हणून हवा खेळती राहते.

वाकडी_लय:
सातवा ड्रॉबार खरंच बाहेर होता! आणखी एक : व्हायोलिनऐवजी निकेलहार्पा (गजानं वाजवायचं, पट्ट्यांचं स्वीडिश तंतुवाद्य) घेतला तर?

तरफांचा_नाद:
सुंदर वाटेल, पण मंचावर फीडबॅक सांभाळा. आजच्या नेहमीच्या तीन ओळींच्या निकेलहार्प्यात चार वाजत्या तारांखाली 12 तरफा (आपोआप झंकारणाऱ्या तारा) असतात, बहुधा बाराही सुरांत लावलेल्या. बेसचा कुठलाही सूर आला की एक तरफ जागी होते आणि माइकमधून परत फिरते. तरफांच्या मोकळ्या भागात फेल्टची पट्टी अडकवा. पूर्ण दाबू नका, नाहीतर वाद्याचा जीवच जातो. सर्वांत खालची तार सी, 131 हर्ट्झ, म्हणून 100 खालचं सगळं छाटा. पिकअप पिएझो (वाद्याची कंपनं थेट टिपणारा) असेल तर थेट फझमध्ये घालू नका. फझचा इनपुट रोध कमी असतो, त्यामुळे खालचा आवाज गळतो आणि उरतो तो चिरका, नाकातला. आधी 1 मेगाओमचा प्रीॲम्प, मग फझ. बेसच्या ॲम्पसमोर तर मुळीच उभं राहू नका.

समेवर_या:
आणि ड्रमरला बूडा पचतच नसेल तर आधी एखादा गोंगलोत बसवा. ती चालण्याची धून, मात्रा समान. फझ आणि ऑर्गनचा मेळ त्यात जमवून मग पोल्स्काकडे वळा. पोल्स्काच हवी असेल तर स्कोने किंवा सॉडरमानलांड या स्वीडिश प्रांतांतली सोळांश सुरांची स्लेंगपोल्स्का घ्या, मात्रा बऱ्याच समान पडतात. तिच्यावर तुमचा मात्रेवरचा डिलेही चालेल.