मदत हवी आहे: वडिलांकडचा हृदयविकार आणि आईकडचा मधुमेह, दोन्ही ‘आनुवंशिक’ म्हणजे नेमके काय?

नमस्कार.

वैद्यकीय विषयाची जाण असलेल्या सभासदांकडून मार्गदर्शन हवे आहे. प्रश्न लांबला आहे याची मला कल्पना आहे, पण कुटुंबाची माहिती दिल्याशिवाय तो नीट मांडता येणार नाही.

माझे वय ३६ आहे. माझे वडील ४७व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, त्यांचे थोरले भाऊ त्याआधीच ४४व्या वर्षी गेले होते आणि आत्याची ५३व्या वर्षी बायपास शस्त्रक्रिया झाली. ती आज ६१ वर्षांची असून सुदैवाने बरी आहे. आजोबाही पन्नाशीच्या आतच गेले, पण कशाने गेले हे आता कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. आईकडची गोष्ट निराळी आहे. आईला ५२व्या वर्षी मधुमेह निघाला, धाकट्या मामालाही तो आहे आणि आजीला अखेरची बरीच वर्षे होता.

दोन महिन्यांपूर्वी सहज म्हणून केलेल्या रक्ततपासणीत माझे एलडीएल (ज्याला ‘वाईट’ म्हणतात ते) कोलेस्टेरॉल २३८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आले. प्रयोगशाळेची चूक असेल असे वाटून महिन्याभराने पुन्हा तपासले, तर २४१. ट्रायग्लिसराइड्स, थायरॉइड, रक्तशर्करा, यकृत आणि मूत्रपिंडे यांचे अहवाल मात्र चांगले आहेत. माझे वजन उंचीच्या मानाने कमीच भरते, मी धूम्रपान करत नाही आणि रोज तासभर चालते. डॉक्टरांनी अहवाल पाहून “तुमच्याकडे दोन्ही घराण्यांतून आनुवंशिक आहे, पथ्य सांभाळा” एवढे सांगून तीन महिन्यांनी बोलावले आहे.

माझे मन अडले आहे ते त्या ‘आनुवंशिक’ शब्दापाशी. वडिलांकडचा हृदयविकार आणि आईकडचा मधुमेह या दोन्हींना लावलेल्या या शब्दाचा अर्थ एकच आहे का? जे जनुकांतच आहे त्यावर पथ्य काय करणार, आणि पथ्याने भागणार असेल तर त्याला आनुवंशिक का म्हणायचे? माझा भाऊ ३१ वर्षांचा आहे. तो कोणतीही तपासणी करायला तयार नाही; “रक्तातच असेल तर चुकणार थोडेच, मग आधी कळून काय उपयोग?” असे तो म्हणतो आणि मला त्याला धड उत्तर देता येत नाही. मला ९ वर्षांची मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा आहे. जनुकीय चाचणी करायचीच झाली तर ती आधी कोणाची करावी, आणि इतक्या लहान मुलांना या फेऱ्यात ओढणे योग्य आहे का?

एक गोष्ट सांगावी की नाही असा विचार करत होते. बाबांच्या दोन्ही टाचांच्या मागे, घोट्याच्या वरच्या जाड शिरेवर, टणक गाठी होत्या. पादत्राणे घासून झाल्या असतील असे आम्ही समजत होतो. त्यांचा याच्याशी काही संबंध असू शकतो का?

प्रतिसाद १

ताई, टाचेच्या गाठींचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण तुमच्या संपूर्ण लेखनात माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. टाचेमागच्या स्नायुबंधात (कंडरेत) कोलेस्टेरॉल साठून अशा गाठी होतात; त्यांना झँथोमा म्हणतात. बाबांच्या गाठी नेमक्या त्याच होत्या असे आता कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. मात्र त्यांच्यासोबत तुमचे एलडीएल आणि कुटुंबातील अकाली हृदयविकार ठेवून पाहिले, की फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, थोडक्यात एफएच, या विकाराचा विचार केलाच पाहिजे असे चित्र दिसते.

हा एकाच जनुकातील दोषाने होणारा विकार आहे आणि साधारणपणे दर २५० माणसांत एकाला असतो, म्हणजे तो दुर्मीळ मुळीच नाही. आपल्या यकृतपेशींच्या पृष्ठभागावर एलडीएलचे कण रक्तातून आत ओढून घेणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतात. ते तयार करण्याची कृती १९व्या गुणसूत्रावरील एका जनुकात असते आणि तिच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईची आणि एक वडिलांची. त्यांतील एक प्रत सदोष असेल तर चालणारे ग्राही निम्मेच उरतात आणि एलडीएल साधारण दुप्पट होऊन रक्तात फिरत राहते. हे चाळिशीत सुरू होत नाही, जन्मापासून सुरू असते. चाळिशीत कोलेस्टेरॉल वाढलेला माणूस आणि जन्मापासून वाढलेले कोलेस्टेरॉल घेऊन चाळिशीला पोहोचलेला माणूस यांचे आकडे कागदावर सारखे दिसले, तरी त्यांच्या धमन्यांचे वय सारखे नसते. उपचार न केल्यास एफएच असलेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयधमन्यांचा विकार गाठतो. स्त्रियांना तो साधारण दहा वर्षे उशिरा गाठतो. तुमचे वडील, काका आणि आत्या यांची वये या चौकटीत नेमकी बसतात.

दोष असलेल्या पालकाकडून तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. ही नाणेफेक प्रत्येक बाळंतपणात नव्याने होते, त्यामुळे एका मुलात तो दोष आला म्हणून दुसरे मूल सुटले असे होत नाही.

आता तुमच्या भावाच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याचे उत्तर या विकाराच्या इतिहासातच आहे. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७०च्या दशकात, दोन्ही प्रती सदोष असलेल्या रुग्णांच्या त्वचापेशी अभ्यासून हा ग्राही शोधला आणि त्या कामासाठी त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॅटिन गटातील औषधे यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया रोखतात. कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की यकृतपेशी आपल्याजवळच्या चांगल्या प्रतीला कामाला लावते आणि जास्त ग्राही तयार करून रक्तातले एलडीएल ओढून घेते. म्हणजे वडिलांकडून आलेल्या दोषाची भरपाई आईकडून आलेली प्रत करते, औषध तिला फक्त जागे करते. “रक्तातच आहे” हे तुमच्या भावाचे म्हणणे खरे आहे. “चुकणार नाही” हे मात्र खरे नाही.

पथ्याबद्दल स्पष्टच लिहितो. आहाराने एलडीएल थोडेसे उतरते आणि ते उतरवावेही, पण एफएच असेल तर केवळ पथ्यावर २४० चे १०० होत नाही. तीन महिने थांबण्यापेक्षा हृदयविकारतज्ज्ञांची किंवा लिपिड (रक्तातील चरबी) विकारांच्या तज्ज्ञांची भेट लवकर घ्यावी, आणि जाताना तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढून न्यावी. कोणाला, कोणत्या वयात, काय झाले आणि कोणाला काहीच झाले नाही, हे सारे त्यात असू द्या. निरोगी नातेवाईक लिहायचे राहून जातात. तेही तितकेच बोलके असतात. स्वतःच्या टाचा चाचपून पाहा आणि आरशात डोळ्यांच्या बुबुळाभोवती पांढरट कडे दिसते का तेही पाहा. उतारवयात ते अनेकांना येते, पण ४५च्या आत दिसले तर त्याला महत्त्व असते. आत्याच्याही टाचा पाहा.

प्रतिसाद २

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, त्यात मधुमेहाची बाजू राहिली म्हणून लिहितो.

तुमच्या आईकडचा मधुमेह हे दुसऱ्याच जातीचे आनुवंशिकत्व आहे. टाइप २ मधुमेहात एक जनुक दोषी नसतो; शेकडो ठिकाणचे बारीकसारीक फरक प्रत्येकी चिमूटभर वजन टाकतात. त्यांतला सर्वांत ठळक फरक २००६ साली सापडला, टीसीएफ७एल२ या जनुकात, आणि तोसुद्धा एकटा धोका थोडासाच वाढवतो. म्हणून येथे निम्मी शक्यता किंवा पाव शक्यता असा हिशेब मांडता येत नाही. शिवाय कुटुंबात जनुकांबरोबर जेवणाच्या वेळा, बैठे काम आणि झोपेच्या सवयीही वाटल्या जातात, त्यामुळे ‘घराण्यात आहे’ म्हणताना त्यातले रक्ताचे किती आणि घराचे किती हे वेगळे करणे अवघड जाते.

पथ्य खरे काम करते ते येथे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवरील अमेरिकन अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. आहार, व्यायाम आणि वजनातील माफक घट यांनी मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीने ३१ टक्क्यांनी. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला आईच्या बाजूने पाहिला तर अगदी योग्य होता. तोच वडिलांच्या बाजूलाही लावला, एवढीच गफलत झाली.

एक खबरदारी म्हणून विचारतो: आईकडे कोणाला सडपातळ असताना पंचविशीच्या आत मधुमेह झाला होता का? तसे सलग पिढ्यांत असेल तर एकाच जनुकाने होणारा मोडी नावाचा प्रकार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. आईचे ५२ हे वय पाहता येथे तशी शक्यता कमी वाटते.

स्टॅटिनमुळे मधुमेहाची शक्यता किंचित वाढते, हे कधी ना कधी तुमच्या कानावर येईल आणि आईचे उदाहरण समोर असल्याने तुम्ही घाबराल, म्हणून आधीच सांगतो. ते खरे आहे, पण एफएचमध्ये औषधाने टळणारा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो. गंमत म्हणजे नेदरलँड्समध्ये ६० हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली तेव्हा एफएच असलेल्यांत टाइप २ मधुमेह त्यांच्या एफएच नसलेल्या नातलगांपेक्षा कमीच आढळला. वर्षातून एकदा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) तपासत राहा, तेवढे पुरे.

प्रतिसाद ३

मी स्वतः एफएचची रुग्ण आहे आणि माझ्या मुलालाही तो आहे, म्हणून चाचणी कोणाची आणि मुलांचे काय, एवढ्यापुरतेच लिहिते.

जनुकीय चाचणी नेहमी कुटुंबातील आजार स्पष्ट दिसणाऱ्या हयात व्यक्तीपासून सुरू करावी. तुमच्याकडे आत्या किंवा तुम्ही स्वतः. नेमका दोष एकदा सापडला की इतरांमध्ये तेवढाच शोधायचा असतो आणि त्यांचे उत्तर स्वच्छ ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे मिळते. याउलट सुरुवातच भावापासून केली आणि काही सापडले नाही, तर तो सुटला की शोधणारेच चुकले हे कळत नाही. लक्षणांवरून एफएच निश्चित वाटणाऱ्यांतही काहींच्या चाचणीत दोष सापडत नाही. तेव्हा चाचणी कोरी आली म्हणून २४० चे एलडीएल निरुपद्रवी ठरत नाही. कधी अहवालात ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असेही लिहून येते. माझ्या बहिणीच्या अहवालात ते आले आणि तिने दोन रात्री झोप घालवली. त्याचा अर्थ तूर्त त्यावरून कोणताही निर्णय घ्यायचा नाही एवढाच असतो. म्हणून चाचणीच्या आधी आणि नंतर जनुकीय समुपदेशकाशी बोलावे.

मुलांसाठी मात्र थांबू नका. जे आजार मोठेपणी होतात आणि ज्यांवर लहानपणी काहीच करता येत नाही, हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारासारखे, त्यांची चाचणी मुलांवर लादू नये, मूल मोठे झाल्यावर त्याने ठरवावे, हे तत्त्व मलाही मान्य आहे. एफएच त्यात बसत नाही, कारण येथे लहानपणीच करण्यासारखे बरेच असते. सुरुवातीला तर जनुकीय चाचणीही लागत नाही, साधी लिपिड तपासणी पुरते आणि ती पाचव्या वर्षापासून करता येते. पालकाला एफएचची शंका असताना मुलाचे एलडीएल १६० च्या वर असेल तर तज्ज्ञ ते गांभीर्याने घेतात, आणि औषध साधारण ८ ते १० वर्षांच्या वयात सुरू करण्याचा विचार होतो. नेदरलँड्समधील अशा मुलांचा वीस वर्षे पाठपुरावा करून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लहानपणी स्टॅटिन सुरू केलेल्यांपैकी ३९व्या वर्षापर्यंत हृदयविकाराच्या घटना सुमारे १ टक्का जणांत घडल्या, त्यांच्याच आजारी पालकांमध्ये त्याच वयापर्यंत २६ टक्के जणांत. तुमच्या भावाला भाषण देऊ नका, हे दोन आकडे सांगा.

तुम्ही आणखी अपत्याचा विचार करत असाल तर तेही पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण गरोदरपणात स्टॅटिन सहसा थांबवतात.

धागाकर्तीकडून

तिघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण दरम्यान बरेच घडले.

आत्याकडे गेले आणि तिच्या टाचा पाहायच्या आहेत असे म्हटल्यावर ती आधी हसली. दोन्ही टाचांच्या मागे बाबांसारख्याच गाठी आहेत. बायपासच्या वेळी तिला गोळ्या सुरू झाल्या, पण गाठींबद्दल तिने कधी कोणाला सांगितले नाही, आणि तिलाही कोणी विचारले नाही. माझ्या टाचा आणि डोळे स्वच्छ आहेत. लिपिड विकारांच्या तज्ज्ञांनी वंशावळ पाहून माझे स्टॅटिन लगेच सुरू केले आणि जनुकीय चाचणीसाठी आत्याचे व माझे रक्त घेतले. त्या चाचणीचा अहवाल यायचा आहे. आईकडे तरुण वयात मधुमेह झालेले कोणीही नाही, हेही विचारून घेतले.

मुलाचे एलडीएल ९२ आले, मुलीचे १८४. भावाला १ आणि २६ टक्क्यांचे ते दोन आकडे आणि त्यानंतर भाचीचा अहवाल असे दोन्ही पाठवले. दोन दिवस त्याचे काही उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने प्रयोगशाळेच्या पावतीचे छायाचित्र पाठवले.

आता एकच विचारायचे आहे, विशेषतः प्रतिसाद ३ लिहिणाऱ्या ताईंना. मुलीची पुढची भेट पंधरा दिवसांनी आहे आणि धाकट्या भावाला जावे लागत नसताना आपल्यालाच का जावे लागते, हे ती रोज विचारते. तुमच्या मुलाला तुम्ही हे प्रथम कोणत्या शब्दांत सांगितले होते?